मनालाही ताप येतो
(रात्रीच्या वर्गात दिलेले व्याख्यान)



आज फळ्यावर काही लिहायचे नाही. पाट्या-वह्या बाजूला ठेवा. आज दोन घटका नुसते बोलायचे आहे. बोलायचे आहे ते आपल्या पोरांविषयी. घरातल्या वयात आलेल्या मुलामुलींविषयी.

पोराला ताप आला तर आपण काय करतो? कपाळाला हात लावून बघतो. अंग चटका देत असले की आई म्हणते, "आधी दवाखान्यात न्या." शेजारीपाजारी विचारायला येतात. "तू आळशी आहेस म्हणून तुला ताप आला," असे कोणी म्हणत नाही. "तापाचं सोंग करतोस," असेही कोणी म्हणत नाही.

पण मंडळी, मनालाही ताप येतो. तो हाताला लागत नाही, एवढाच फरक. हाताला लागत नाही म्हणून आपल्याला खरा वाटत नाही. आणि मग ज्याला औषध द्यायचे, त्याला आपण शिव्या देतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्याच घरी घडले ते सांगतो.

घरची गोष्ट

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. त्याने मला सांगितले आहे, "काका, लोकांना सांगा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल. फक्त नाव घेऊ नका." म्हणून आपण त्याला बाळू म्हणू.

२०२२ सालचा पावसाळा. बाळू तेव्हा सतरा वर्षांचा होता. बारावीत होता. मूळचा बोलका, कामाचा पोरगा. गावात कुणाची विहिरीवरची मोटर बंद पडली की हा पान्हा घेऊन हजर. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवावीत ती त्यानेच.

त्या वर्षी पोळा आला. बाळूने शिंगांना हात लावला नाही. "बरं वाटत नाही," म्हणाला आणि पडून राहिला.

तेवढेच नव्हे. रात्री त्याला झोप येईना. सकाळी उठवेना. ताट वाढले की दोन घास खाऊन उठायचा. मित्र हाक मारायला आले की म्हणायचा, "घरी नाही म्हणून सांगा." डोके दुखते, पोट दुखते, हे रोजचेच झाले. धाकट्या बहिणीवर उगाच ओरडायचा आणि मग स्वतःच कोपऱ्यात जाऊन बसायचा. घटक चाचणीत तीन विषय गेले.

आता आम्ही मोठ्या माणसांनी काय केले ते ऐका.

भाऊ म्हणाला, "मोबाइलनं वाटोळं केलं." त्याने मोबाइल काढून घेतला. वहिनीने नजर काढली. शेजारीण म्हणाली, "बाहेरचं काही असंल." मग देवऋषी आला. उतारा झाला, कोंबडे गेले, दंडाला काळा दोरा आला.

आणि मी? मी तर मास्तर. एकतीस वर्षे पोरे शिकवली. मी बाळूला सगळ्यांसमोर उभे केले आणि म्हणालो, "आम्ही कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला. तुला काय कमी आहे रे?" तो खाली बघत उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात तो एकटाच माझ्याकडे आला. हातात वही होती. थोडा वेळ उभा राहिला. "काका, जरा..." एवढेच बोलला. मी पेपर वाचत होतो. मान वर न करता म्हणालो, "अभ्यासाचं असेल तर बोल." तो काही बोलला नाही. निघून गेला.

मंडळी, तो काय सांगायला आला होता ते मला नंतर कळले. ते आठवले की आजही मला घास गिळत नाही.

आजीने विचारले

आमची आई, म्हणजे बाळूची आजी, शाळेत कधी गेली नाही. अंगठा उठवणारी बाई. एका रात्री पाऊस चालू होता. ती पाणी प्यायला उठली. बघते तर बाळू पडवीत अंधारात बसलेला. ती त्याच्याजवळ जाऊन बसली. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "काय हुतंय रं लेकरा? मला सांग. मी काय बोलनार न्हाई, नुस्तं ऐकते."

तो हळूहळू बोलू लागला. कशातच मन लागत नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते. आपण घराला ओझे झालो आहोत असे वाटते.

आजीने सगळे ऐकले. मग सरळ विचारले, "मरनाचं काई मनात येतंय का रं?"

बाळू रडू लागला. म्हणाला, "आजी, रोज येतंय."

आजी ओरडली नाही. "असं अभद्र बोलू नको," म्हणाली नाही. शपथ घातली नाही. त्याचा हात धरून म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. आता तू एकला न्हाईस. उद्या दवाखान्यात जायाचं. मी येते संगं."

त्या रात्री ती त्याच्या शेजारीच झोपली. पहाटे तिने माझ्या भावाला उठवून सांगितले. फवारणीची औषधे होती ती खोपटात नेऊन कुलपात घातली. सकाळी सगळे सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी देऊन आम्हाला जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात पाठवले. तिथे मनाचे डॉक्टर होते. ते अर्धा तास बाळूशी एकट्याशी बोलले. मग आम्हाला आत बोलावून म्हणाले, "ह्याला उदासीचा आजार झाला आहे. आम्ही त्याला डिप्रेशन म्हणतो. हा आळस नव्हे, सोंग नव्हे, बाहेरची बाधा नव्हे. हा आजार बरा होतो. वेळेवर आलात."

औषध चालू झाले. शिवाय दर आठवड्याला समुपदेशक ताईंशी बोलणे. समुपदेशक म्हणजे मन मोकळे करायला आणि वाट शोधायला शिकवणारे माणूस. डॉक्टरांनी बजावले होते, "लगेच गुण दिसणार नाही. दोन-चार आठवडे लागतात. सुरुवातीला नीट लक्ष ठेवा, आणि मनाने गोळ्या बंद करू नका."

तसेच झाले. तिसऱ्या आठवड्यात त्याला सलग झोप लागली. मग जेवण सुधारले. मधे पुन्हा खाली गेला, पुन्हा वर आला. त्या वर्षी त्याने परीक्षा दिली नाही. २०२४ साली दिली आणि पास झाला. मग आयटीआयला गेला.

आपल्यात म्हणतात, दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते. मनाचे दुखणे पुष्कळदा येतेही मुंगीच्याच पावलाने. म्हणून ते आलेले कळत नाही.

बरा झाल्यावर एकदा बाळू मला म्हणाला, "काका, मला वाटायचं मीच वाईट आहे. असा आजार असतो, त्याला नाव असतं, हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही शाळेत एवढं शिकवलंत. हे का नाही शिकवलं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजचे हे बोलणे म्हणजे त्याच्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

मनाची अक्षरे

तुम्ही या वर्गात पहिल्यांदा आलात तो दिवस आठवा. एसटीची पाटी समोर असायची. डोळ्यांना दिसायची, पण वाचता यायची नाही. दुसऱ्याला विचारावे लागे. आज तुम्ही स्वतः पाटी वाचता. पाटी तीच आहे. तुम्हाला अक्षर कळू लागले आहे.

मनाच्या आजाराचे तसेच आहे. बाळूच्या तोंडावर सगळे लिहिलेले होते. आम्हाला वाचता आले नाही. अंगठा उठवणाऱ्या आजीला आले, आणि मी मास्तर अडाणी ठरलो.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील अँथनी जॉर्म नावाच्या विद्वानाने व त्यांच्या सोबत्यांनी या गोष्टीला नाव दिले. त्यांनी तिला मानसिक आरोग्याची साक्षरता म्हटले. आजार ओळखता येणे, तो का होतो ते ठाऊक असणे, मदत कुठे मिळते ते माहीत असणे, ही सुद्धा साक्षरताच आहे.

तर आता ही अक्षरे शिकू या.

झोप बिघडते. भूक बिघडते. आवडीच्या गोष्टीतून मन उडते. पोरगे माणसांत येत नाही. अभ्यासात, कामात लक्ष लागत नाही. कारण नसताना चिडते किंवा रडते. डोके, पोट, छाती दुखते आणि तपासणीत काही सापडत नाही. "माझा काही उपयोग नाही," "मी नसतो तर बरं झालं असतं," असे बोलते.

यातले एखादे लक्षण एखादा दिवस कुणालाही होते. परीक्षेत नापास झालो, जवळचे माणूस गेले, तर दुःख होणारच. दुःख म्हणजे आजार नव्हे. पण अशी बरीच लक्षणे दोन आठवडे रोज दिसली आणि रोजचे काम अडू लागले, तर ते अक्षर ओळखा.

काहींना उदासीपेक्षा भीती जास्त वाटते. छाती धडधडते, घाम फुटतो, शाळेत पाऊल टाकवत नाही. तो चिंतेचा आजार. काहींना कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात. घरचेच आपल्यावर विष घालतील असा संशय येतो. त्याला लोक पटकन भानामती म्हणतात. ते भानामती नव्हे, आजार आहे. अशा वेळी एक दिवसही थांबू नका. आणि पोरगे दारूकडे, गुटख्याकडे वळले असेल तर नुसते मारू नका. मनातले काही विसरायला तर ते तिकडे गेले नाही ना, एवढे बघा.

मुलींचे दुखणे आपण जास्त झाकतो. "बोभाटा झाला तर लग्न कसं जमायचं?" म्हणतो. झाकलेली जखम चिघळते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तरुण वयातच का?

मनाचे आजार म्हणजे म्हातारपणाची गोष्ट, असे आपल्याला वाटते. तसे नाही. मनाच्या आजारांपैकी सुमारे निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू होतात आणि सुमारे पाऊण चोविसाव्या वर्षापर्यंत, असे जाणकारांना आढळले आहे. २०१५-१६ साली आपल्या देशात या आजारांची मोठी पाहणी झाली. ती बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने केली. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांत शंभरातील सुमारे सात मुलांना असा आजार असल्याचे त्यात दिसले. आपल्या गावच्या शाळेचा एक मोठा वर्ग डोळ्यांपुढे आणा. त्यात असे तीन-चार बाळू बसलेले असतील.

हे आजार का होतात? एकच कारण नसते. काही घराण्यातून येते. मेंदूचे काम बिघडते. त्यात घरची भांडणे, कर्ज, मारहाण, कुणी केलेला अत्याचार, परीक्षेचा धसका, यांची भर पडते. कुणाला सगळे सुखाचे असूनही होतो. हे मागच्या जन्मीचे पाप नव्हे आणि दुबळेपणाही नव्हे. घाट्यावर वाढलेल्या पोरालाही होतो आणि तूप खाल्लेल्यालाही होतो.

काय करावे, काय करू नये

पहिली गोष्ट, विचारा. आजीने विचारले तसे. चारचौघांत नको. शेतात जाताना, गुरांना पाणी पाजताना, जवळ बसून विचारा.

दुसरी गोष्ट, ऐका. मधेच उपदेश करू नका. "आमच्या वेळी" हे दोन शब्द तोंडातून काढू नका. मी काढले होते.

तिसरी गोष्ट, मरणाचा विचार येतो का, हे विचारायला भिऊ नका. विचारल्याने तो विचार मनात शिरतो, अशी समजूत आहे. ती खोटी आहे. विचारल्याने पोरगे मोकळे होते. 'हो' म्हणाले तर त्याला एकटे सोडू नका, फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या.

चौथी गोष्ट, नुसते "दवाखान्यात जा" म्हणू नका. बरोबर जा.

देवाला हात जोडायला माझी ना नाही. पण हात जोडून दवाखान्याची वाट धरा. भूत काढतो म्हणून कोणी बांधू लागला, मारू लागला, तर तो गुन्हा आहे. जादूटोण्याविरुद्धचा तसा कायदा आपल्या महाराष्ट्रात २०१३ साली झाला.

मदत कुठे मिळते?

गावात आशाताई आहे. तिला सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून ते सिव्हिलला पाठवतील. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारची मोठी मनोरुग्णालये आहेत. पण बहुतेकांना तिथे दाखल व्हावे लागत नाही. घरी राहूनच बरे होता येते.

आणि एक नंबर लिहून घ्या. हो, आता वही उघडा. १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने ही सोय सुरू केली. तिचे नाव टेलि-मानस. रात्री-अपरात्री केव्हाही फोन करा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. पोराला स्वतःला करता येतो आणि पोराच्या आईबापालाही.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. २०१७ साली मानसिक आरोग्य सेवेचा कायदा झाला. मनाच्या आजाऱ्याला साखळीने बांधायला त्यात बंदी आहे. त्याची माहिती दवाखान्याने गुप्त ठेवायची आहे. गरिबाला सरकारी दवाखान्यात उपचार फुकट मिळायला हवेत, कार्ड असो वा नसो. एखाद्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तर तो मोठ्या ताणाखाली होता असे धरायचे, त्याला शिक्षा नव्हे तर आधार द्यायचा, असे हा कायदा सांगतो. म्हणून पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका.

तुमच्या शंका

मघाशी एका ताईंनी विचारले, "गुरुजी, त्या गोळ्यांची सवय लागते का?" उदासीच्या आजारावरच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. मात्र त्या एकदम सोडायच्या नसतात. डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि सगळ्यांनाच गोळ्या लागतात असेही नाही. थोड्या आजाराला बोलण्याच्या उपचारानेही गुण येतो.

मागे बसलेले दाजी म्हणतात, "लगीन लावून दिलं की पोरगं ताळ्यावर येतं." दाजी, लग्न हे औषध नव्हे. आजारी बैलाच्या मानेवर तुम्ही जू ठेवता का? आधी बैल बरा करता. मग पोराच्या मानेवर का ठेवावे? शिवाय दुसऱ्याच्या पोरीचाही विचार करायला नको का?

तिसरी शंका तुम्ही बोलला नाहीत, पण तुमच्या मनात असेल. "आम्ही काल-परवा बाराखडी शिकलो. आम्ही अडाणी माणसं काय करणार?"

त्याचे उत्तर ऐका. आफ्रिकेत झिंबाब्वे नावाचा देश आहे. तिथे मनाचे डॉक्टर फार थोडे. २००६ साली डॉ. डिक्सन चिबांडा यांनी तिथल्या हरारे शहरात चौदा आजीबाईंना हाताशी धरले. त्यांना शिकवले आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकावर बसवले. दुखावलेले माणूस यायचे, आजीशेजारी बसायचे आणि बोलायचे. तिथले लोक उदासीला जे नाव देतात त्याचा अर्थ होतो, फार विचार करणे. आपणही हेच म्हणतो की नाही, "फार विचार करतो हो पोरगा"? २०१६ साली या कामाची तपासणी छापून आली. बाकावर बसून बोललेल्यांचे दुखणे इतरांपेक्षा पुष्कळ कमी झाले होते.

लांब कशाला जायचे? आपल्या शेजारी गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सोबत्यांनी डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून सरकारी आरोग्य केंद्रांत नेमले. त्यांच्या मदतीने जास्त आजारी बरे झाले, असे २०१० साली छापून आले.

म्हणजे डॉक्टर नको असे नव्हे. डॉक्टर हवेच. पण डॉक्टरांपर्यंत जाण्याची पहिली पायरी आपल्या घरात आहे. माया लावून ऐकणारे माणूस ही ती पायरी.

घरचा अभ्यास

मंडळी, उशीर झाला. आजचा घरचा अभ्यास सांगतो आणि थांबतो.

आज घरी गेल्यावर १४४१६ हा नंबर भिंतीवर स्वतःच्या हाताने लिहा. खडूने लिहा, कोळशाने लिहा, पण सगळ्यांना दिसेल असा लिहा. पोरे विचारतील, "हे काय?" मग त्यांना सांगा की मनालाही ताप येतो, आणि तो उतरतो.

आणि उद्या पोरगे जवळ येऊन "जरा..." म्हणाले, तर हातातले काम खाली ठेवा. वर बघा. पुढचा शब्द ऐकून घ्या.

बाळू अधूनमधून गावी येतो. गेल्या पोळ्याला आला होता. बैलांची शिंगे त्यानेच रंगवली. आजी पडवीत बसून बघत होती. आजीही आता या वर्गाला येते बरे का. ती तिथे दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिला सही करता येऊ लागली आहे. मी तिच्यापासून जे शिकलो, ते मात्र मला कुठल्याही शाळेत शिकता आले नव्हते.

राम राम.